गल्ली नसलेला धंदा

म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार (१९१९–१९७४) यांच्याइतका पियानोवर जीव असलेला संस्थानिक आपल्याकडे क्वचितच झाला असेल. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलची लायसेन्शिएट ही पियानोवादनातली पदवी त्यांनी मिळवली होती, ट्रिनिटी कॉलेजने १९४५ साली त्यांना सन्माननीय फेलो केले, आणि १९४८ साली लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष झाले. निकोलाय मेट्नर हा रशियन संगीतकार उतारवयात लंडनमध्ये उपेक्षेत दिवस काढत होता. त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च महाराजांनी उचलला आणि मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केला. रिखार्ड स्ट्राउसची अखेरची चार गीते २२ मे १९५० रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली, तेव्हाही आर्थिक हमी म्हैसूरची होती. राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद होता, तो चालवायला ओटो श्मिट हा जर्मन संगीतज्ञ होता. म्हणजे पैसा होता, हौस होती, जाण होती, उत्तम वाद्य मागवण्याची ऐपतही होती. आणि तरी आज म्हैसूर म्हटले की वीणा करणारे हात आठवतात, शिसवीवर जडावकाम करणारी घराणी आठवतात. पियानो दुरुस्त करणाऱ्यांची परंपरा म्हणून म्हैसूरचे नाव कोणी घेत नाही. पुढच्या पानांत पियानो-कारागिरांची जी टिपणे एकत्र केली आहेत, त्यांचे प्रयोजन या विसंगतीत आहे. वाद्य विकत आणता येते, वादक शिकवून तयार करता येतो. वाद्य राखणारा कारागीर मात्र नुसत्या आश्रयावर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. त्याला बरोबरीचे लोक लागतात.

याउलट मिरज पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंबोऱ्याच्या कामात हात घातला आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तिथे सतारमेकर आडनावाची घरे तेच काम करत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याचे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणजे पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय. तो होताच, पण नुसत्या आश्रयाने कारागिरी रुजत असती तर म्हैसूरने मिरजेला केव्हाच मागे टाकले असते. दुसरे स्पष्टीकरण असे, की तंबोरा आपला आणि पियानो परका. तेही पुरत नाही, कारण हार्मोनियमही परकीच होती आणि तिची दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावीही मिळत आला आहे. मला खरे कारण अधिक साधे वाटते. मिरजेत दुकानाला लागून दुकान आहे. घोडीवर जवारी काढताना शेजाऱ्याचा हात दिसतो, बिघडलेला तंबोरा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला हे कळते, एकाची चूक दुसऱ्याच्या ओट्यावर उघडी पडते. स्पर्धा असते, भांडणेही असतात, पण ज्ञान गल्लीत फिरत राहते. पियानोच्या कारागिराला अशी गल्ली कधी मिळालीच नाही. शहरात असले तर दोन-चार जण, तेही एकमेकांची तोंडे न पाहणारे. लहान शहरात एकच, किंवा तोही नाही आणि वर्षाकाठी मुंबई-बंगळूरहून येणारा पाहुणा. मुंबईत धोबीतलावच्या आसपास, १८६५ साली सुरू झालेल्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानांच्या आणि गोंयकार वादकांच्या वस्तीच्या आधाराने, त्यातल्या त्यात काही गजबज होती. ती सोडली तर हा एकट्यादुकट्याचा धंदा आहे, आणि त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या एकटेपणात आहे.

हे पटायला कामाचे स्वरूप जरा जवळून पाहावे लागेल. पियानोत ८८ पट्ट्या आणि साधारण २३० तारा असतात. त्या सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो; तो पेलण्यासाठी ओतीव लोखंडाची चौकट असते. पण सूर धरून ठेवणारी खुंटी रुतलेली असते लाकडात, आणि सूर मोठा करणारा साउंडबोर्ड हाही स्प्रूस लाकडाचा पातळ, किंचित फुगीर पडदा असतो. प्रत्येक पट्टीमागे लाकूड, फेल्ट, बनात, चामडे आणि स्प्रिंग यांची डझनांनी जोडणी असते. ट्यूनर तारा जुळवतो एवढेच लोकांना ठाऊक असते. जुळवणीतही आपल्या कानाला न पटणारी एक गोष्ट त्याला रोज करावी लागते. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पियानोचा गंधार जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा ठेवावा लागतो, तोही हेतुपुरस्सर. बाराही पट्ट्यांवरून षड्ज धरता यावा म्हणून पंचम दोन सेंट उतरवायचा आणि गंधार चढवायचा, असा समतान सप्तकाचा करार आहे. मधल्या सी-च्या खालचे एफ आणि ए एकत्र दाबले, तर सेकंदाला सुमारे सात हेलकावे ऐकू आले पाहिजेत. सहा आले तरी चूक, आठ आले तरी चूक.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची हार्मोनियम इंग्लंडमधून बनवून घेतली, आणि या प्रयोगांत त्यांना गळ्याची साथ दिली ती अब्दुल करीम खाँ यांनी. खाँसाहेब राहायचे मिरजेत, आणि म्हैसूर दरबारात त्यांची वरचेवर हजेरी असायची. सूर नेमका कुठे आहे याविषयी इतका बारकाईने विचार करणारी माणसे ज्या मुलखात झाली, तिथल्या पियानो-ट्यूनरला आपण काय सोडतो आणि कशासाठी सोडतो हे कोणी मराठीत सांगितलेले नाही. तो ते कानाने शिकतो, उस्तादाच्या चापट्या खात शिकतो, आणि बहुधा कारण न कळताच दुसऱ्याला शिकवतो. देवलांना खाँसाहेब भेटले म्हणून त्यांच्या आकड्यांची परीक्षा झाली. तशी परीक्षा घेणारा सोबती ट्यूनरला कुठून मिळणार?

सुराचा भाग निदान पुस्तकात तरी आहे. विल्यम ब्रेड व्हाइटचे पुस्तक १९१७ चे, आर्थर रेब्लिट्झचे १९७६ चे. दोन्ही चांगली आहेत आणि आपल्याकडचे जाणकार ट्यूनर ती बाळगतात. पण ही पुस्तके ज्या अमेरिकी घरांसाठी लिहिली त्या घरांचा शत्रू वेगळा आहे. तिथे हिवाळ्यात घर तापवतात, हवा कोरडी पडते, लाकूड आकसते. आपल्याकडे लाकूड आधी फुगते. मुंबईत किंवा पणजीत जुलैभर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. साउंडबोर्ड आडवा फुगतो, त्याचा उंचवटा वाढतो, तो तारांना वर रेटतो आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. म्हैसूर पडले दख्खनच्या पठारावर, साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, पण तो नैर्ऋत्य मोसमीबरोबर संपत नाही, ऑक्टोबरात पुन्हा येतो. आणि मार्चच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की ओले फडके बघता बघता वाळते. तेव्हा मुंबईत ठरलेले ट्यूनिंगचे वेळापत्रक म्हैसुरात लागू नाही, आणि बोस्टनचे दोन्हीकडे नाही. ‘वर्षातून दोनदा’ हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो. कोणते दोन महिने, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नसते.

एक साधी दुरुस्ती घेऊ. ऑगस्टमध्ये पट्टी अडकते. दाबली की वर येत नाही. पट्टीच्या पोटात दोन ठिकाणी लाल बनातीचे अस्तर असते आणि त्यातून धातूची पिन जाते. हवेतल्या ओलीने बनात आणि लाकूड दोन्ही फुगून पिनेला धरतात. गिऱ्हाईक घाईत असते, मुलाची परीक्षा तोंडावर असते. कारागीर बनात चिमट्याने जराशी दाबतो, तेवढ्याने भागले नाही तर कानशीने लाकूड घासतो, किंवा बनात कापूनच टाकतो. पट्टी मोकळी होते, पैसे मिळतात. मार्चमध्ये तेच लाकूड आकसते, आणि आता पट्टी डावी-उजवीकडे हलते, वाजताना खडखडते. तोवर गिऱ्हाइकाने दुसरा कारागीर बोलावलेला असतो. तो आत पाहतो, मान हलवतो आणि ‘आधीच्याने वाट लावली’ असे सांगून नवी बनात घट्ट बसवतो. जुलैत पट्टी पुन्हा अडकते. दोघेही आपापल्या महिन्यात बरोबर असतात. पहिल्याने मार्च पाहिलेला नाही, दुसऱ्याने ऑगस्ट. दोघे एका ओट्यावर बसते तर पाच मिनिटांत उमगले असते, की बनात दाबायची, घासायची नाही, आणि पट्टी अगदी लोण्यासारखी चालावी हा पावसाळ्यातला हट्ट सोडायचा. या व्यवसायातली निम्मी बदनामी अशी ऋतूंच्या फेऱ्यातून जन्मलेली आहे. आळ मात्र माणसांवर येतो.

इंग्रज कारखानदारांना हे पूर्वी ठाऊक होते. हिंदुस्थानसाठी म्हणून ते खास पियानो बांधत: पट्ट्यांवरचे हस्तिदंत नुसत्या सरसावर न ठेवता पितळी पिनांनी जडवलेले, सांधे स्क्रूंनी आवळलेले, फेल्ट टाके किंवा पिना मारून बसवलेले, कारण ओल्या हवेत सरस सुटतो. जुन्या बंगल्यांत, चर्चमध्ये, कॉन्व्हेंट शाळांत असे पियानो अजून सापडतात. ते उघडणाऱ्याला त्यातला प्रत्येक पितळी स्क्रू कशासाठी आहे हे कळले तर वाद्य वाचते. नाही कळले तर तो ते सगळे ‘जुनाट’ म्हणून काढून टाकतो. पियानोच्या पोटात पावसाळ्यात पिवळा बल्ब पेटता ठेवण्याची आपल्याकडची युक्तीही अशीच. तिने कितीतरी वाद्ये गंजापासून वाचवली, आणि जिथे बल्ब उन्हाळ्यातही तसाच जळत राहिला तिथे साउंडबोर्डला चिरा पाडल्या. आता तर घराघरांत एलईडी आले, जे उजेड देतात पण ऊब जवळजवळ देत नाहीत. युक्ती ठाऊक असलेला नवा माणूस एलईडी लावतो आणि निर्धास्त होतो. ओल, गंज, कसर, वाळवी आणि पट्ट्यांखाली घरटे करणारे उंदीर यांच्याशी शंभर वर्षे झुंजून आपल्या कारागिरांनी जे जमवले, ते कोणत्याही परदेशी पुस्तकात नाही आणि इथेही लिहिलेले नाही.

लिहा म्हटले, की पहिला आक्षेप पोटाचा येतो. आपली युक्ती दुसऱ्याला दिली तर गिऱ्हाईक जाईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याचे महिन्याचे उत्पन्न दहा-वीस घरांवर चालते त्याने हात राखून बोलणे स्वाभाविक आहे. पण इतिहास या भीतीच्या बाजूने नाही. क्लोद मोंताल या अंध फ्रेंच ट्यूनरने १८३६ साली आपला पियानो आपणच कसा लावावा याचे पुस्तक पॅरिसमध्ये छापले. सहकाऱ्यांनाच काय, गिऱ्हाइकांनाही धंदा उघडा करून दाखवला. त्याचे काही बिघडले नाही, उलट तो पुढे नावाजलेला पियानो-कारखानदार झाला, आणि ट्यूनिंग हा युरोपातल्या अंध विद्यार्थ्यांचा मानाचा व्यवसाय ठरला. अमेरिकेत दोन प्रतिस्पर्धी संघटना १९५७ साली एकत्र येऊन पियानो टेक्निशियन्स गिल्ड झाली, तिचे मासिक तेव्हापासून हातच्या युक्त्या छापत आले आहे. जपानने २०११ पासून पियानो-ट्यूनिंगची सरकारमान्य कौशल्य-परीक्षा सुरू केली. या देशांत ट्यूनर उपाशी मेल्याचे ऐकिवात नाही. शिवाय म्हैसूरचा ट्यूनर पुण्याच्या ट्यूनरचे कोणते गिऱ्हाईक पळवणार? दोघांत आठशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. खरी गिऱ्हाइके तोडतो तो बिघडलेला पियानो. दोनदा फसलेला घरमालक तिसऱ्या कारागिराला बोलावत नाही. तो वाद्यावर लेसचे कापड टाकतो, त्यावर फुलदाणी ठेवतो, आणि त्या घरातून हा धंदा कायमचा उठतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हाताची विद्या शब्दांत येत नाही. खुंटी फिरवताना ती लाकडात नुसती पिळवटते आहे की खरोखर फिरली आहे, हे मनगटालाच कळते. सूर जागेवर आला तरी खुंटी ‘बसली’ नसेल तर चार दिवसांत उतरतो. हॅमरच्या फेल्टमध्ये सुया किती खोल आणि कुठे टोचल्या म्हणजे कर्कश सूर गोल होतो, हे सांगून येत नाही. मान्य. या बाबतीत कागद तोकडाच पडतो आणि पडत राहील. पण यातून निघते ते एवढेच, की कागदाने उस्तादाची जागा घेऊ नये. निदान, म्हणजे दुखणे ओळखणे, हा भाग मात्र पुष्कळसा शब्दांत येतो. एकच सूर झणझणतो. कारण साउंडबोर्डची चीर असेल, सैल बिजागरी असेल, आत पडलेले नाणे असेल, किंवा पियानोत काहीच नसून समोरच्या भिंतीवरची तसबीर असेल. कोणत्या क्रमाने तपासावे हे लिहिता येते, आणि तो क्रम दहा जणांच्या अनुभवातून चाळून निघाला तर एकट्या उस्तादाच्या क्रमापेक्षा सरस असतो. कानाच्या बाबतीतही तसेच. अमेरिकन गिल्डच्या परीक्षेत उमेदवाराचे ट्यूनिंग एका परीक्षकाच्या मताशी ताडत नाहीत. काही परीक्षक मिळून आधी तोच पियानो कानाने लावतात, एकेका सुरावर एकमत करतात, त्याची मापे घेऊन ठेवतात आणि मग उमेदवाराच्या सुरांचा फरक मोजतात. उत्तम कानालाही दुसऱ्या कानाची साक्ष लागते, हे त्यांनी नियमातच घालून ठेवले.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. फोनवरचे ॲप सूर मोजून देते, डिजिटल पियानोला तर ट्यूनरच नको. मग मरणाऱ्या विद्येसाठी एवढा खटाटोप कशाला? ॲप चांगले आहे, वापरावे. गजबजलेल्या घरात, मिक्सर चालू असताना, ते कानापेक्षा भरवशाचे ठरते. पण ते खुंटी बसवत नाही, आणि खुंट्या धरून ठेवणारा, ढिला पडलेला पिनब्लॉक किंवा तुटायला आलेली गंजकी तार त्याला दिसत नाही. पन्नास सेंट उतरलेल्या जुन्या पियानोचा मधला ए एका दमात ४४० हर्ट्झवर चढवावा की दोन-तीन खेपांत, हा निर्णय माणसाचाच असतो, आणि तो चुकला तर तार थोबाडावर येते. डिजिटल वाद्याविषयी मराठी रसिकाने जरा जपून बोलावे. संगीत नाटकांच्या वैभवकाळात ऑर्गन म्हणजे रंगभूमीचा श्वास होता; गंधर्व नाटक मंडळीची पदे ऑर्गनच्या भरण्याशिवाय कल्पनेतही येत नाहीत. पायाने भाता चालवायचे ते परदेशी वाद्य मराठी माणसाने इतके आपले केले, की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षात राहिले नाही. वादकांची नावे आपल्याला पाठ आहेत. भात्याचे चामडे बदलणारे, सूर घासून जुळवणारे, दौऱ्यात खटाऱ्यातून उतरवलेला ऑर्गन रात्रीच्या प्रयोगाआधी उभा करणारे हात मात्र नोंदीत नाहीत. ते गेले तेव्हा त्यांची विद्याही बहुतांशी गेली, आणि आज नाट्यपदाच्या साथीला पुष्कळदा ऑर्गनच्या आवाजाचे बटण असलेला कीबोर्ड असतो. आवाज बराचसा जमतो. भाता दाबता-सोडताना सुराला जो उठाव यायचा, तो बटणात येत नाही. ही हळहळ स्मरणरंजनाची म्हणून सोडून देता येईल, पण तिच्यात हिशेबाचा मुद्दाही आहे: वाद्ये आधी संपली नाहीत, दुरुस्ती आधी संपली.

मराठीतच का, असेही विचारले जाईल. कारागिरांत कोकणी, कन्नड, तमिळ, इंग्रजी बोलणारे पुष्कळ. म्हणून टिपणे ज्या भाषेत आली त्या भाषेतून मराठीत घेतली आहेत, पण अवजारांची आणि भागांची नावे कारागीर बोलतात तीच ठेवली आहेत. साउंडबोर्डला ध्वनिफलक म्हणून कोणाचेही भले होत नाही. टिपणांत एकवाक्यता नाही, आणि ती मुद्दाम आणलेली नाही. कापराच्या वड्यांनी कसर जाते असे एक जण सांगतो, दुसरा म्हणतो वास जातो आणि कसर राहते. दोन्ही छापले आहे. नावे गाळली आहेत, कारण चुकांबद्दल मोकळेपणाने लिहायचे तर ते आवश्यक होते.

एक अट मात्र प्रत्येकाला घातली. टिपणाच्या पहिल्या ओळीत महिना, गाव, आणि मोजता आली असेल तर खोलीतली आर्द्रता. दुसऱ्या ओळीत ट्यूनिंगला हात लावण्याआधी मधला ए किती होता. पियानोची बनावट, नंबर, मालकाची तक्रार हे सगळे त्यानंतर. बऱ्याच जणांना हे उलटे वाटले, कारण वर्षानुवर्षांची सवय कंपनीचे नाव आधी सांगण्याची. म्हैसूरची टिपणे चौथ्या भागात आहेत. ती थोडी आहेत आणि बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधली आहेत, कारण बाहेरून येणारे ट्यूनर त्याच दिवसांत तिथे जातात. जून आणि ऑक्टोबरची पाने तिथे जवळजवळ कोरी आहेत.